एका कानाने ऐकताय? मग मोनो चालू करा

सकाळी अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याने चढताना एकच इअरबड घालावा, मागची गाडी ऐकू येते. पण स्टिरिओ, म्हणजे दोन कानांना वेगवेगळा आवाज देणाऱ्या, गाण्यातली काही वाद्यं फक्त दुसऱ्या कानात असतात. साठच्या दशकातल्या कंट्री, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण वळणाच्या, गाण्यांत तर कधीकधी गिटार एकीकडे आणि फिडल (व्हायोलिन) दुसरीकडे, म्हणजे एक गायबच! फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’त ‘मोनो ऑडिओ’ चालू करा. दोन्ही बाजू एकाच कानात येतात. कंट्री गाणाऱ्या कार्टर फॅमिली या अमेरिकी गटाची १९२७ची रेकॉर्डिंग्ज मुळातच मोनो, तिथे फरक पडणार नाही. आपल्या पसरणीच्या शाहीर साबळ्यांचा पोवाडा लावलात, तर बास बूस्ट (खालचे, जाड सूर वाढवणारी सेटिंग) तेवढा बंद ठेवा. नाहीतर ढोलकी नुसती घुमते आणि तुणतुणं दबतं. घरी स्पीकरवर ऐकताना मोनो काढा.