रोडामाइन बाहेर आलं नाही म्हणून पंप नाही, असं धरू नका

एमएस्सी मायक्रो झालेल्यांना अ‍ॅझोल औषधं (बुरशीवरची), ईआरजी-११ (ती औषधं ज्या एन्झाइमवर घाव घालतात त्याचा जीन), एर्गोस्टेरॉल (त्या एन्झाइममुळं बनणारा, बुरशीच्या पडद्यातला स्टेरॉल) हे सगळं पाठ असतंय, त्यामुळं ते सोडतो. मी अडकलो पंपात, म्हणजे पेशीत शिरलेलं औषध बाहेर फेकणाऱ्या पडद्यातल्या प्रथिनांत.

कॅन्डिडा अल्बिकन्स या यीस्टचा एक आयसोलेट (नमुन्यातून वेगळा काढलेला वाण) होता माझ्याकडं, फ्लुकोनॅझोल हे अ‍ॅझोल कितीबी टाका, ढिम्म. रोडामाइन सिक्स-जी या रंगाची टेस्ट लावली. पेशी उपाशी ठेवायच्या, रंग भरायचा, मग ग्लुकोज द्यायचं, पंप असला की रंग बाहेर पडून वरचं पाणी गुलाबी होतं. माझं पाणी गुलाबी झालंच नाही. वहीत लिहिलं 'पंप नाही', अन् सात महिने ईआरजी-११ मध्ये म्युटेशन हुडकत बसलो. तिथं काय घंटा नव्हतं.

आता हे नीट वाचा, दोनदा वाचा. पंपांची घराणी दोन. सीडीआर-१ अन् सीडीआर-२ हे एबीसीवाले, एटीपी (पेशीचं इंधन) जाळून चालतात. एमडीआर-१ हा एमएफएसवाला, त्याला एटीपी थेट लागत नाही, पडद्याच्या आतबाहेरच्या प्रोटॉनच्या फरकावर चालतो. फ्लुकोनॅझोल दोघंबी बाहेर फेकतात, पण रोडामाइन सिक्स-जी फक्त सीडीआरवाले काढतात, एमडीआर-१ त्याला हातबी लावत नाही. म्हणजे माझ्या टेस्टनं एवढंच सांगितलं होतं की सीडीआरचं काही विशेष चालू नाही, अन् मी त्याचा अर्थ 'कुठलाच पंप नाही' असा लावला! खूण तर समोरच होती, त्याच आयसोलेटला इट्राकोनॅझोल हे दुसरं अ‍ॅझोल मस्त लागू पडत होतं, अन् इट्राकोनॅझोल बाहेर फेकायला एमडीआर-१ला जमत नाही. शेवटी आरटी-पीसीआर (जीनचा आरएनए मोजायची पद्धत) केलं तर एमडीआर-१ चा आरएनए धो धो. त्याचा स्विच म्हणजे एमआरआर-१, सीडीआरचा टॅक-१, हे दोन्ही जीन आधी बघा. नाईल रेड हा रंग दोन्ही घराणी बाहेर काढतात, तोबी सोबत लावा.

सिनियरच्या प्रोटोकॉलची झेरॉक्स मारून काम करू नका, ग्लुकोज न दिलेला कंट्रोल (तुलनेचा नमुना) त्यात हमखास गाळलेला असतो. अन् गाईड मोठ्या नावाचा असण्यापेक्षा आठवड्यातून एकदा तरी लॅबमध्ये येणारा बघा, माझा यायचा नाही.

घाबरू नका पण. सीडीआर-१ हा जीन १९९५ साली मांडणाऱ्यांत दिल्लीच्या जेएनयूचे राजेंद्र प्रसाद होते, हे क्षेत्र काही परक्यांचं नाही. उपाशी ठेवायची टेस्ट एका स्पेक्ट्रोफोटोमीटरवर होते, लातूर-परभणीच्या कॉलेजातबी. फक्त धुवायला डिस्टिल्ड वॉटर लई लागतंय, अन् मे महिन्यात टँकर चालू झाले की डिस्टिल्ड वॉटरचा प्लांट बंद, म्हणून एप्रिलातच कॅन भरून ठेवा.