प्रिंट पास करण्याआधी ती कोणत्या उजेडात पाहाल?

चांगल्या प्रिंटसाठी काय करावं, असं विचारलं की बहुतेकजण एकच सांगतात: मॉनिटर कॅलिब्रेट करून घ्या, म्हणजे त्याचे रंग मोजून नीट लावून घ्या. घ्याच. पण मॉनिटर स्वतः उजेड देतो आणि कागद दुसऱ्याचा उजेड परत फेकतो, हा फरक कुठलंही कॅलिब्रेशन पुसू शकत नाही. म्हणून स्क्रीनवर बघून पास केलेली प्रिंट मी पास मानत नाही. तुमच्याकडे पिगमेंट शाईचा (बारीक रंगकणांच्या शाईचा) प्रिंटर आणि कागदाचं योग्य प्रोफाईल, म्हणजे त्या कागदावर रंग कसे उतरतात ते सांगणारी फाईल, आहे असं धरून पुढचं लिहितो. बाहेरच्या लॅबमधून प्रिंट करून घेत असाल, तर उजेडाचा भाग तुम्हालाही तितकाच लागू आहे.

आधीची कामं

नोझल चेक, म्हणजे शाईची सगळी छिद्रं चालतात का ते दाखवणारी रेघांची चाचणी, रोज सकाळी आणि प्रत्येक मोठ्या कामाआधी. एक रेघ तुटली तरी काम सुरू करायचं नाही. नाशिकच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत मशीन काही दिवस बंद राहिलं की नोझल चोंदतात. पावसाळ्यात उलटा त्रास: कागद ओल धरतो, त्याच्या कडा उचलल्या जातात आणि शाई फवारणारं हेड घासून ओरखडा पडतो. खोलीतली आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांत ठेवा.

कॉटन कागद छापण्याआधी मऊ ब्रशने झटका. सुटा तंतू छापल्यानंतर गळला की गडद भागात पांढरा ठिपका राहतो.

रंगाचं नियंत्रण एकाच ठिकाणी ठेवा. सॉफ्टवेअरमध्ये प्रोफाईल लावलं असेल, तर ड्रायव्हरमधलं (संगणकातून प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्रॅममधलं) बंद.

पट्टी काढा

पूर्ण साइजची प्रिंट थेट काढू नका. चित्रातला एक करडा भाग, एक सगळ्यात गडद आणि एक सगळ्यात फिकट असे तीन तुकडे एका पट्टीवर घ्या. काळाराम मंदिराच्या काळ्या पाषाणाचा फोटो मॅट कागदावर छापून बघा, म्हणजे गडद भाग का तपासायचा ते कळेल. मॅट कागदाचा काळा ग्लॉसीइतका खोल जात नाही, त्यामुळे दगडातले बारकावे एकमेकांत मिसळून जातात. सावल्या थोड्या उघडून दुसरी पट्टी काढावी लागते.

उजेड

इथे मी एकदा जबर फसलो आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

गोदाघाटाचं एक जलरंगातलं चित्र होतं. पावसाने भिजलेल्या पायऱ्या, जवळजवळ सगळा खेळ करड्या रंगाचा. चित्रकार पंचवटीतले, वयाने मोठे. त्या चित्राच्या २० प्रिंट करायच्या होत्या. रात्री काम करत बसलो होतो, टेबलावर पिवळा हॅलोजन. मूळ चित्र शेजारी ठेवून पट्टी जुळवत होतो आणि मूळ चित्रातले दगड किंचित लालसर दिसत होते. मी फाईलमध्ये लाल वाढवला. चौथी पट्टी मूळ चित्राशी तंतोतंत जुळली आणि मी २० च्या २० छापून टाकल्या.

दुसऱ्या दिवशी सरांनी गठ्ठा खिडकीशी नेला. एक प्रिंट मूळ चित्राशेजारी धरली आणि म्हणाले, "अरे, माझा घाट गेरूने सारवलास की काय?" खरंच, दिवसाच्या उजेडात सगळ्या पायऱ्या तांबूस दिसत होत्या. मूळ चित्रातल्या पायऱ्या मात्र शांत, थंड करड्या.

झालं होतं ते असं. सरांचा करडा रंग अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळून बनलेला. अल्ट्रामरीन दिसतो निळा, पण लालच्या टोकाकडचा बराच प्रकाश परत फेकतो. हॅलोजनमध्ये तो लाल भरपूर असतो, म्हणून मूळ चित्र तिथे उबदार झालं. माझ्या प्रिंटचा करडा वेगळ्या शायांचा, त्याने तसा प्रतिसाद दिला नाही. दोन रंग एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात फुटतात, याला मेटामेरिझम म्हणतात. यावर फाईलमध्ये इलाज नाही. कोणत्या उजेडात जुळवायचं हे आधी ठरवणं, एवढंच आपल्या हातात असतं.

छपाईच्या जगाने तो उजेड ठरवून ठेवला आहे: डी५०, म्हणजे ५००० केल्विनचा (केल्विन हे उजेड पिवळा की निळसर ते सांगणारं माप). आयएसओ ३६६४ या मानकात बारकाईने तुलना करायला २००० लक्स (लक्स म्हणजे उजेड किती पडतो त्याचं माप) आणि प्रिंट नेहमीसारखी बघायला ५०० लक्स सांगितले आहेत. असा उजेड देणारा पूर्ण बूथ महाग पडतो. ५००० केल्विनच्या, सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी आकडा) ९५ च्या वरच्या ट्यूब टेबलावर लावल्या तरी बरंच साधतं. दुकानदार 'डेलाइट' म्हणून ६५०० ची निळसर ट्यूब हातात ठेवतो. ती घेऊ नका. खोक्यावरचा आकडा वाचा.

भिंतीही बघा. माझ्या खोलीची भिंत पोपटी होती आणि पांढऱ्या कागदावर तिची झाक पडायची. आता टेबलामागे करडा रंग दिला आहे. भडक शर्ट घालूनही प्रूफवर, म्हणजे तपासायच्या पट्टीवर, वाकू नका.

ट्यूब नसेल तर खिडकी, पण थेट ऊन नको, आणि सकाळ-संध्याकाळचा उजेड नको. उत्तरेची खिडकी, दुपारी बारा ते तीन. खिडकीत काही कागद निळसर पांढरे दिसतात, कारण त्यांतली चमक आणणारी रसायनं अतिनील किरणांत उजळतात. असा कागद घरच्या पिवळ्या दिव्याखाली फिका पिवळट वाटतो. म्हणून प्रिंट शेवटी जिथे टांगायची, तिथल्या दिव्याखाली एक पट्टी धरून बघाच. फरक दिसला तर ग्राहकाला छापण्याआधी दाखवा.

आणि प्रूफचा मोबाईलने फोटो काढून व्हॉट्सॲपवर मंजुरी घेणं बंद करा. मोबाईल व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोतल्या पांढऱ्याची झाक, स्वतःच बदलतो. पलीकडचा माणूस तुमच्या प्रिंटला नव्हे, त्या फोटोला हो म्हणतो. ग्राहक कितीही घाईत असला तरी त्याला बोलवा, नाहीतर पट्टी घेऊन त्याच्या दारात जा. त्या २० प्रिंटनंतर मी एकही काम फोनवर पास करून घेतलेलं नाही.

पट्टी छापल्या छापल्या निर्णय नको. शाई बसेपर्यंत तासभर थांबा; मॅट कागदावर गडद भाग वाळल्यावर वेगळा दिसतो.

पास झाल्यावर

मंजूर पट्टीवर ग्राहकाची सही आणि तारीख घ्या, मागे कागदाचं नाव व प्रोफाईल लिहा. पुढची प्रत्येक प्रिंट त्या पट्टीशेजारी ठेवूनच बघायची, आदल्या प्रिंटशेजारी नाही. नाहीतर रंग थोडाथोडा सरकत जातो आणि लक्षातही येत नाही. बँडिंग (छपाईत उमटणारे पट्टे) आणि ओरखडे पकडायला दिवा बाजूने तिरका मारा.

प्रिंट हातमोजे घालून उचला, मध्ये ॲसिड-फ्री कागद घाला. काचेच्या फ्रेमला देण्याआधी किमान २४ तास उघडी वाळू द्या, दमट दिवसांत त्याहून जास्त. शाईतले द्रव पूर्ण उडाले नसतील तर काचेला आतून धुकं धरतं आणि फ्रेम पुन्हा उघडावी लागते.