केळीवरचा हरण्या: औषध शोधत बसू नका, रोप उपटा

जून-जुलैत लावलेल्या मृगबागा आता दीड-दोन महिन्यांच्या झाल्या. जळगाव जिल्ह्यातल्या रावेर, यावल, चोपडा पट्ट्यात श्रावणाची झड लागली, ढगाळ हवा आठवडाभर हटली नाही आणि गारवा वाढला की सीएमव्ही (काकडी मोझॅक विषाणू) हा रोग, म्हणजेच हरण्या, डोके वर काढतो. रोप कोवळे असते तेव्हाच तो सर्वांत जास्त नुकसान करतो.

ओळखायचा कसा? पोंग्यालगतचे, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानाजवळचे, नवे पान उजेडाकडे धरा. शिरांच्या कडेने तुटक-तुटक पिवळ्या रेघा दिसतात, मध्येच हिरवा भाग असतो. पुढची पाने अरुंद आणि वेडीवाकडी निघतात, कडा आक्रसतात, शेवटी पोंगाच सडतो. लोह किंवा जस्त कमी पडले तर पिवळेपणा बहुतेक झाडांवर सारखा येतो. हरण्या मात्र सुरुवातीला इथे एक, तिथे एक असा विखुरलेला दिसतो.

हा विषाणू आहे. लागण झालेले रोप कोणत्याही फवारणीने बरे होत नाही, हे कृपया मनावर घ्या. 'एक डोस देऊन बघू' म्हणत आठ दिवस थांबलात तर तेवढ्यात मावा, ही रस शोषणारी बारीक कीड, शेजारची रोपे धरतो. मुख्यतः कपाशीवरचा मावा हा रोग वाहतो, आणि आपल्याकडे केळीच्या बांधाला कपाशी ठरलेली. रोगट झाडाचा रस शोषला की काही मिनिटांत तो निरोगी झाडाला लागण करतो. कीटकनाशकाने मरण्याआधीच त्याचे काम झालेले असते. फवारणी करायची ती माव्याची संख्या कमी ठेवण्यासाठी. 5 टक्के निंबोळी अर्क वापरता येईल. रासायनिक औषध आणि त्याचे प्रमाण जळगावच्या केळी संशोधन केंद्राला किंवा कृषी विज्ञान केंद्राला विचारूनच ठरवा.

दर चार-पाच दिवसांनी प्रत्येक ओळ पायी फिरून बघा. रोगट रोपावर आधी फवारा, म्हणजे उपटताना मावा उडून पसरणार नाही. मग कंदासकट काढून शेताबाहेर खड्ड्यात गाडा. बांधावर अजिबात टाकू नका.

केना आणि इतर तणे बागेत व बांधावर ठेवू नका, विषाणू तिथे तग धरतो. काकडी, भोपळा, कारली, टोमॅटो, मिरची यांचे आंतरपीक या बागेत नकोच. रोगट बागेतले कंद लागवडीला घेऊ नका. नांग्या, म्हणजे उपटलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा, भरायच्या त्या खात्रीच्या, विषाणूमुक्त ऊतिसंवर्धित (टिश्यू कल्चर) रोपांनीच. आणि शेजाऱ्याच्या बागेत हरण्या दिसला तर त्याला त्याच दिवशी सांगा. उपटायला माणसे कमी असतील तर दोघे मिळून उपटा.