मेदूवड्याची वक्रता: डिफरन्शियल जॉमेट्रीत संशोधन करायचं असेल तर

डिफरन्शियल जॉमेट्री म्हणजे वक्र आकारांचा कलनाच्या मदतीने अभ्यास. या विषयात पीएचडी करायची म्हटलं की पुष्कळ जण थेट मॅनिफोल्डची (जवळून पाहिलं तर सपाट भासणाऱ्या आकाराची) व्याख्या पाठ करायला बसतात. दोन महिन्यांनी वही चार्ट, अ‍ॅटलास, टॅन्जंट बंडल असल्या व्याख्यांनी भरलेली असते. पण एका साध्या पृष्ठभागाची वक्रता काढा म्हटलं की पेन अडतं. आधी हाताने गणित करावं.

मेदूवडा घ्या, म्हणजे टोरस. मधल्या वर्तुळाची त्रिज्या ३, जाडीची १. गाउस वक्रता म्हणजे पृष्ठभाग एका बिंदूपाशी किती आणि कसा वळलाय ते सांगणारा आकडा: वाटीसारखा वळला तर धन, खोगिरासारखा वळला तर ऋण. बाहेरच्या कडेला ती येते १/४, भोकाच्या कडेला उणे १/२, आणि वडा ताटात जिथे टेकतो त्या वर्तुळावर शून्य. आतली बाजू जास्त तीव्र वळलेली, पण तिचं क्षेत्रफळ कमी. म्हणून बाहेरच्या अर्ध्या भागाची एकूण वक्रता (क्षेत्रफळावर केलेली बेरीज) १२.५७ (४ गुणिले पाय), आतल्याची उणे १२.५७, बेरीज शून्य. वडा वेडावाकडा थापला तरी बेरीज शून्यच राहते. गोलाची बेरीज मात्र १२.५७, मग तो मोहरीएवढा असो की पृथ्वीएवढा. हा गाउस-बॉने सिद्धांत. बिंदूबिंदूपाशी मोजलेल्या गोष्टीने अख्खा आकार बांधलेला असतो, आणि या विषयातल्या संशोधनाची ओढ बहुतेकदा इथूनच लागते.

याची पायाभरणी गाउसने १८२७ मध्ये केली: पृष्ठभागावरची अंतरं मोजून वक्रता कळते, बाहेरून बघावं लागत नाही. कागदाची सुरळी केली तरी वक्रता शून्यच. संत्र्याची साल मात्र न फाटता सपाट होत नाही.

नवख्यांची ठरलेली चूक ख्रिस्टोफेल चिन्हांची (सहनिर्देशकांच्या दिशा जागोजागी कशा बदलतात ते नोंदवणारे आकडे). सपाट प्रतलावर ध्रुवीय सहनिर्देशक घेतले तरी त्यातली काही चिन्हं शून्येतर येतात, आणि लगेच ‘वक्रता सापडली’ असं वाटतं. ती फक्त सहनिर्देशकांची करामत. रीमान टेन्सर (खरी वक्रता नोंदवणारा आकड्यांचा संच) काढा, तो शून्य येतो. हा टेन्सर चार मितींत २५६ घटकांचा असला तरी त्यातले स्वतंत्र फक्त २०. दुसरी डोकेदुखी चिन्हसंकेताची. पुस्तकागणिक टेन्सरचं चिन्ह बदलतं. नवा पेपर उघडला की गोलाची वक्रता धन येते का, हे आधी तपासावं.

तयारीत बहुचल कलन, रेषीय बीजगणित आणि टोपॉलॉजी सगळेच करतात. आंशिक विकलक समीकरणं (अनेक चलांतल्या बदलाच्या दरांची समीकरणं) टाळली जातात, आणि पुढे तिथेच गाडी रुतते. हॅमिल्टनचा १९८२ चा रिची फ्लो (वक्रतेनुसार आकार हळूहळू बदलत नेणारी प्रक्रिया), ज्यावरून पेरेलमानने २००२-०३ मध्ये प्वांकारे अटकळ (कुठला त्रिमितीय आकार मुळात गोलच असतो, याबद्दलचा जुना प्रश्न) सोडवली, तो असल्याच समीकरणाचा. मुंबईच्या टीआयएफआरमधल्या (टाटा मूलभूत संशोधन संस्था) नरसिंहन-शेषाद्री यांच्या बीजगणित आणि भूमिती जोडणाऱ्या १९६५ च्या सिद्धांतालाही डोनाल्डसनने १९८३ मध्ये वक्रतेच्या वाटेने नवी सिद्धता दिली. बीजगणितात रमणाऱ्यांनी ही वाट जरूर बघावी.

पेपर वाचताना प्रत्येक गृहीतक काढून बघा, काय मोडतं ते. उदाहरणार्थ, संपूर्ण (म्हणजे कुठेही अचानक न तुटणाऱ्या) पृष्ठभागाची वक्रता सगळीकडे किमान १ असेल, तर कुठल्याही दोन बिंदूंतलं पृष्ठभागावरून मोजलेलं अंतर पायपेक्षा (सुमारे ३.१४) जास्त होत नाही. ‘किमान १’ ऐवजी नुसतं ‘धन’ म्हटलं तर? पॅराबोलॉइडची (वर उघडत जाणाऱ्या वाडग्यासारख्या आकाराची) वक्रता सगळीकडे धन, पण दूर जाताना शून्याकडे घसरते, आणि पृष्ठभाग अनंतापर्यंत उघडत जातो.