बरगे काढले आणि मासे मेले: बंधाऱ्यावरच्या या चुका टाळा

पंचगंगेत माशांचा खच पडला की पहिलं बोट कारखान्याकडे जातं. बऱ्याच वेळा ते चूकही नसतं. पण तेच घाण पाणी बंधाऱ्यामागे महिनोन्‌महिने साचवून एका दिवशी खाली सोडतो ते आपणच.

सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. वळवाचा मोठा पाऊस झाला, पाणी चढलं, की घाईघाईने सगळे बरगे (बंधाऱ्याच्या खांबांमध्ये बसवलेल्या, पाणी अडवणाऱ्या फळ्या) एका दुपारी उपसायचे. कोल्हापुरी बंधाऱ्यामागे उन्हाळाभर तुंबलेल्या पाण्याचा तळ काळा पडलेला असतो. गाळ, सांडपाणी, कुजलेली जलपर्णी; त्या थरात प्राणवायू नावालाच. तो लोंढा एकदम खालच्या डोहात शिरला की माशांना पळायला जागा उरत नाही. म्हणून पावसाची वाट न पाहता आधीच सुरुवात करा. वरून धरणाचं ताजं पाणी येत असेल तेव्हा एकेका गाळ्यातले, म्हणजे दोन खांबांमधल्या जागेतले, वरचे बरगे आधी काढा, दोन-तीन दिवस लागू देत. वरून पडणाऱ्या धारेत हवा मिसळते. पूरच दारात आला असेल तर मात्र माशांसाठी थांबू नका.

उशीर केला तरी नुकसानच. मृगाच्या पावसात चढणीचे मासे अंडी घालायला वर निघतात. बंधारा बंद असला की पायथ्याशी अडकतात, आणि जाळी लावून बसलेल्यांची चंगळ होते.

पाणी अडवताना फटी बुजवून खालची नदी ठणठणीत कोरडी करू नका. एका गाळ्यातून धार वाहती ठेवा. उत्तरेतल्या गंगा नदीच्या वरच्या टप्प्यासाठी केंद्र सरकारने २०१८ साली किमान प्रवाह ठरवून दिला. नोव्हेंबर ते मार्च तो सरासरीच्या २० टक्के आहे. आपल्याकडे उपसाबंदी (नदीतून मोटरने पाणी उपसायला बंदी) लागते ती पिण्याच्या पाण्यासाठी. त्या दिवसांत रात्री चोरून मोटर चालवणारा शेजाऱ्याच्या घागरीसोबत डोहही रिकामा करतो.

मासे वर येऊन तोंडं मिटमिटू लागले तर वेळ बघा. पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो; शेवाळ रात्रभर तोच वापरतं. लिटरला ४ मिलिग्रॅमच्या खाली आकडा गेला की धोका समजा. तीस अंश तापलेल्या स्वच्छ पाण्यातसुद्धा तो साडेसातच्या आसपासच मावतो. हे मोजमाप काठावरच, उजाडताना करा. साध्या बाटलीत भरून दोन दिवसांनी प्रयोगशाळेत पोचलेल्या पाण्याचा आकडा कुणाच्याच कामाचा नाही (आणि बहुतेक वेळा होतं नेमकं हेच).

मेलेल्यांत मोठे मासे आधी दिसले आणि मरळ अजून जिवंत असली, तर प्राणवायू संपलाय असं धरा. मरळ वरची हवा घेऊन तग धरते. लहान-मोठे सगळे एकदम, मरळीसकट गेले असतील तर विषाचा संशय घ्या. मग वरच्या नाल्यांच्या तोंडाशी त्याच सकाळी नमुने घ्या, दुपारपर्यंत ते पाणी पुढे गेलेलं असतं.