रोहित (फ्लेमिंगो) बघायचे तर आधी तिथी बघा

फेब्रुवारी सरत आला की सोसायटीतलं कुणी ना कुणी विचारतंच, "ताई, फ्लेमिंगो आलेत का? या रविवारी जाऊ का?" मी त्यांना आधी भिंतीवरची दिनदर्शिका बघायला लावते. वार राहू दे, तिथी कुठली ते सांगा. नवी मुंबईतल्या नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळींवर पक्षी येतात-जातात ते भरती-ओहोटीच्या हिशोबाने. तो हिशोब जमला तर साध्या कॅमेऱ्यातही छान फोटो मिळतात. नाही जमला तर महागडी लेन्स घेऊनही रिकाम्या तळ्याकाठी बसायची वेळ येते.

ओहोटीला ठाणे खाडीतला चिखल मैलभर उघडा पडतो. रोहित आणि पाणटिवळे, टिलवे, तुतवार असे चिखलात चरणारे इतर पक्षी सगळे तिथे पसरतात आणि काठावरून नुसते ठिपके दिसतात. भरती चढू लागली की चिखल बुडतो. मग त्यांना उभं राहायला उथळ पाणी लागतं. त्यासाठी ते थव्याने उठून आत येतात: सीवूड्सचं डीपीएस शाळेजवळचं तळं, टीएस चाणक्य या नौकानयन प्रशिक्षण संस्थेच्या मागची पाणथळ, उरणकडे पाणजे. म्हणजे तळ्यावर जायचं ते भरतीला. त्यातही भरती पूर्ण व्हायच्या दीडएक तास आधी पोचून जागा धरायची, कारण आपण आधीपासून बसलेलो असलो तर पक्षी बिनधास्त जवळ उतरतात. ते उतरल्यावर आपण चालत गेलो तर तेवढेच लांब सरकतात.

भरतीची वेळ काढायचा हिशोब मला करावे गावातल्या एका काकांनी शिकवला. त्यांचं आयुष्य खाडीत जाळी टाकण्यात गेलंय. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, पक्ष शुद्ध असो की वद्य. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास, पहाटे आणि दुपारीही. एकादशीला सव्वाआठ. हा ढोबळ हिशोब आहे. पाणी खाडीत आतपर्यंत यायला आणखी वेळ घेतं, म्हणून अर्धा-पाऊण तास पुढे धरा आणि निघायच्या आदल्या रात्री मोबाइलवर भरतीचं कोष्टक बघून घ्या. पण महिनाभराचे बेत आखायला पाऊणपट पुरते. सकाळच्या फेरीसाठी मी दशमी ते त्रयोदशी धरते. त्यातही द्वादशी-त्रयोदशी अधिक बरी, कारण पाणी चांगलं चढतं. अष्टमी-नवमीला भांगाची भरती असते, पाणी जेमतेम चढतं, खाडीतला बराच चिखल उघडाच राहतो आणि पक्ष्यांना तळ्यावर यायची गरज पडत नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला थवे भरपूर येतात, पण भरती ऐन बाराला. मार्चमध्ये बाराचं ऊन आपल्याला सोसेलही, फोटोला सोसत नाही.

उन्हाचं जरा सविस्तर सांगते, कारण वसंतात सगळ्यात जास्त फोटो तिथे वाया जातात. नऊ-साडेनऊनंतर तापलेल्या चिखलावरून हवा थरथरत वर चढते. डोळ्यांना ते फारसं जाणवत नाही, पण लांबच्या लेन्समधून पक्ष्याच्या कडा विरघळल्यासारख्या येतात. फोकस कितीही नेमका असला तरी हा दोष जात नाही आणि नंतर संगणकावरही दुरुस्त होत नाही. त्यावर उपाय दोनच: लवकर जा, आणि जवळ आलेल्याच पक्ष्यांचे फोटो काढा. ऊन चढल्यावर समोरच्या बांधावरचा लांब पायांचा शेकाट्या टिपा. दोनशे मीटरवरचे रोहित दुर्बिणीतून बघा, कॅमेरा खाली ठेवा.

नवी मुंबईच्या बाजूने खाडी आपल्या पश्चिमेला येते, त्यामुळे सकाळी सूर्य पाठीशी राहतो आणि पक्ष्यांवर समोरून उजेड पडतो. वाऱ्याचंही तसंच. पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उभे राहतात आणि वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उडतात. सकाळी जमिनीकडून मतलई वारा हलका वाहत असतो, तेव्हा त्यांची तोंडं आपल्याकडे. अकराच्या पुढे समुद्राकडून खारा वारा सुरू झाला की तेच पक्षी आपल्याकडे पाठ फिरवतात. रोहित पाण्यावरून धावत धावत उडतो, म्हणून सकाळच्या वाऱ्यात तो आपल्या दिशेने धावत येण्याची शक्यता जास्त. आधी वाऱ्याची दिशा पाहा, मग बसायची जागा ठरवा.

कॅमेऱ्याचं थोडक्यात. ३०० मिमीपर्यंतची लेन्स असेल तर एकट्या पक्ष्यामागे लागू नका, थवा आणि पाण्यातलं प्रतिबिंब घ्या. ४०० किंवा ६०० मिमी असेल तर डोळ्यावर फोकस. चरणाऱ्या पक्ष्याला शटर १/५००, उडणाऱ्याला १/२००० च्या आसपास. मागे काळा चिखल असला की कॅमेरा फसतो आणि बगळ्याची पिसं पांढरीफटक करून टाकतो. तिथे एक्स्पोजर उणे एकपर्यंत उतरवा. उडता पक्षी उजळ आकाशावर असेल तर उलट वाढवा. आणि खाली बसा, जमल्यास बांधावर अगदी पालथे पडा. उभ्याने काढलेल्या फोटोत पक्ष्यामागे नुसता चिखल येतो, पक्ष्याच्या उंचीवरून काढला की पाणी आणि पलीकडचा थवा येतो.

आता बघायचं काय? रोहित दोन जातींचे. बहुसंख्य लहान रोहित, त्यांची चोच गडद, लांबून काळपटच वाटते. मोठा रोहित उंच आणि बराच पांढरा, चोच गुलाबी नि टोक काळं. लहान रोहित चोच उलटी धरून पाण्याच्या वरच्या थरातलं शेवाळ गाळून खातो. मोठा डोकं पाण्यात खोल खुपसतो. एका पक्ष्यावर पाच मिनिटं दुर्बीण स्थिर ठेवा. तो जागच्या जागी पाय नाचवत चिखल ढवळतो, हळूहळू स्वतःभोवती फिरतो, आणि घशाची बारीक थरथर दिसते, कारण जीभ पंपासारखी पाणी ओढत-ढकलत असते. गर्दीकडे नुसतं बघून निघणाऱ्याला हे कधीच दिसत नाही.

वसंताचा खरा ठेवा मात्र मला बारक्या पक्ष्यांत वाटतो. हिवाळाभर मातकट दिसणारे पाहुणे परतीच्या प्रवासाआधी रंग बदलतात. मार्च-एप्रिलमध्ये पाणटिवळ्याची मान विटकरी होते, अर्धवट बदललेले पक्षी तर वेगवेगळ्या छटांत एकाच रांगेत दिसतात. तपकिरी डोक्याच्या कुरव पक्ष्याला हिवाळ्यात डोळ्यामागे जेमतेम एक ठिपका असतो, आता पूर्ण डोकं रंगतं. आपला रोजचा वंचक हा छोटा बगळाही विणीच्या दिवसांत पाठीवर गडद तांबूस होतो. एकच जागा धरून दर पंधरवड्याला त्याच तिथीला जा, बदल डोळ्यांदेखत घडतो.

टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली तर आल्या वाटेने मागे फिरा. तिची अंडी उघड्या जमिनीवर असतात आणि खड्यांत मिसळून जातात, पायाखाली येईपर्यंत कळत नाहीत. शेकाट्याही असाच काठावर घरटं करतो. रोहितांनी खाणं थांबवून माना ताठ केल्या आणि सगळे एका दिशेला चालू लागले, तर आपण फार जवळ गेलोय. उडतानाचा फोटो हवा म्हणून टाळ्या वाजवणारे, खडे मारणारे लोक दिसतात. त्यांना तिथल्या तिथे थांबवा. लांबच्या उड्डाणासाठी साठवलेली चरबी अशा प्रत्येक हुसकावण्यात खर्च होते. ड्रोन तर अजिबात नको.

खाडीतून जवळून बघायचं असेल तर ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोट सुटते. तिच्या वेळाही भरतीप्रमाणे बदलतात, आधी नोंदणी करा. ही बोट जिथे फिरते ते फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, क्षेत्र १,६९० हेक्टर, आणि २०२२ मध्ये त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. डीपीएस आणि चाणक्यची तळी मात्र त्या हद्दीबाहेर आहेत. २०२४ च्या उन्हाळ्यात डीपीएस तळ्यात भरतीचं पाणी येईनासं झालं आणि तळं कोरडं पडलं. म्हणून तिथे गेल्यावर खाडीकडून पाणी आत येतंय का, हेही बघा आणि त्याचा एक फोटो तारखेसह ठेवा.

घरी आल्यावर त्याच दिवशी यादी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका: जागा, वेळ, अंदाजे संख्या, शेऱ्यात भरतीची वेळ. फोटो मोठे करून पक्ष्यांचे पायही तपासा. एखाद्या पायात अभ्यासकांनी घातलेलं कडं किंवा रंगीत पट्टी दिसली, तर त्यावरची अक्षरं वाचता येतील असा भाग कापून बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) कळवा.