सांगलीत राहूनही हळदीने रंगवू नका: डाळिंबाच्या सालीची ओढणी आणि तिच्या चिंध्यांची कानातली

सांगलीत घरी काही रंगवायचं म्हटलं की हात आधी हळदीच्या डब्याकडे जातो. साहजिकच आहे. बाजार हळदीचा, हरिपूरची जुनी पेवं, म्हणजे जमिनीखालची कोठारं, हळदीची, २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेही हळदीलाच. शिवाय हळद सुती कापडावर दुसरं काही न घालता चढते आणि पहिल्या दिवशी अशी उठून दिसते की रंगवणारा खूश होतो. पण उन्हापुढे ती टिकत नाही. हळदीतलं करक्युमिन, म्हणजे तिचा पिवळा रंग, प्रकाशाने विरतं आणि ओढणी थोड्याच दिवसांत पांढुरकी दिसू लागते. साबण लागला की हळद लाल होते, हे आमटी सांडलेला शर्ट धुणाऱ्या कुणालाही सांगायला नको. आणि जी ओढणी दोन महिन्यांत उडून कपाटाच्या तळाशी जाते, तिचा रंग शेतातून आला म्हणून ती पर्यावरणस्नेही ठरत नाही.

याच जिल्ह्यात हळदीपेक्षा भरवशाचा पिवळा आहे आणि तो फुकट मिळतो. आटपाडीकडचं डाळिंब बाजारात येतं तेव्हा ज्यूस सेंटरच्या मागे सालींचा ढीग पडतो. डाळिंबाच्या सालीत टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, भरपूर असतं. टॅनिन सुताला धरून राहतं, तुरटी त्याला आणखी जखडते, आणि लोह मिळालं की तोच पिवळा मेंदीच्या हिरव्यापर्यंत जातो. खाली सगळी मापं साधारण २०० ग्रॅमच्या सुती ओढणीसाठी दिली आहेत. तुमचं कापड जड किंवा हलकं असेल तर त्याच प्रमाणात वाढवा, कमी करा. वजन मात्र कोरड्या कापडाचं घ्या.

कापड निवडणं

विटा आणि इचलकरंजीच्या यंत्रमागांमुळे आपल्याकडे सुती कापडाला तोटा नाही. तरी दुकानात ‘कॉटन’ म्हणून मिळणाऱ्या ताग्यात पॉलिस्टर मिसळलेलं असू शकतं, आणि पॉलिस्टर हे रंग धरत नाही. काठाचे दोन-चार धागे ओढून चिमट्यात धरून पेटवा. सूत कागदासारखं जळून त्याची मऊ राख होते. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाशी कडक गोळी राहते. जुनी सुती साडी किंवा आजोबांचं धोतर मिळालं तर त्याहून उत्तम, कारण धुऊन धुऊन त्यातली खळ कधीच गेलेली असते.

शिवलेला कुर्ता रंगवणार असाल तर आधी शिलाईचा दोरा बघा. बहुतेक टेलर पॉलिस्टरचा दोरा वापरतात. कुर्ता मोहरीसारखा पिवळा होतो आणि शिवण पांढरीच राहते. कुणाला ते आवडतंही. आवडत नसेल तर टेलरला सुती रीळ स्वतः नेऊन द्या.

खळ काढणं

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि सगळ्यात जास्त टाळली जाते ती हीच. मागावर ताण्याच्या सुताला खळ लावलेली असते. ती राहिली तर रंग खळीवर बसतो आणि पहिल्या धुण्यात खळीबरोबर निघून जातो. पाच-सहा लिटर पाण्यात चहाचा एक चमचा धुण्याचा सोडा आणि मूठभर रिठ्यांचं पाणी घाला. ओढणी त्यात तासभर उकळा. पाणी चहासारखं तपकिरी झालं तर घाबरू नका, ती सुताची मळी आहे. दोन पाण्यांनी खळबळून काढा. नंतर कापडावर पाण्याचा थेंब टाकून बघा. तो लगेच शोषला गेला तर काम झालं, मोत्यासारखा वर बसून राहिला तर पुन्हा उकळा.

रिठ्यांच्या काळ्या बिया फेकू नका. त्या पुढे लागणार आहेत.

हिरडा, मग तुरटी

सूत स्वभावाने रंगाला आळशी असतं. रेशीम, लोकर पटकन रंग घेतात, सुताला आधी तयार करावं लागतं. आपल्याकडे त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या हिरडा वापरतात. शिराळा, पाटणकडच्या जंगलातलं हे फळ काष्ठौषधीच्या दुकानात सुकं किंवा चूर्ण करून मिळतं. ४० ग्रॅम चूर्ण रात्रभर कोमट पाण्यात भिजवा, गाळा, त्यात ओली ओढणी दोन-तीन तास ठेवा आणि मधूनमधून वरखाली करा. पिळा, पण धुऊ नका. तशीच वाळवा. ती फिकट पिवळसर दिसेल.

वाळत घालताना लोखंडी तार टाळा. हिरड्याच्या ओल्या कापडाला गंज लागला की तिथे काळा डाग पडतो आणि तो निघत नाही. नायलॉनची दोरी किंवा बांबू चालतो.

दुसऱ्या दिवशी ३० ग्रॅम तुरटी कुटून थोड्या गरम पाण्यात पूर्ण विरघळवा. पाच लिटर कोमट पाण्यात ती मिसळा आणि ओढणी रात्रभर बुडवून ठेवा. कापडाला पातेल्यात फिरायला जागा हवी. चुरगळून दाबलेलं कापड ठिपक्याठिपक्यांनी रंग घेतं. सकाळी पिळून वाळवा आणि रंगवण्याआधी एकदाच साध्या पाण्यातून काढा. तुरटीचं उरलेलं पाणी आणखी थोडी तुरटी घालून पुढच्या कापडाला चालतं.

भांडं स्टीलचं घ्या. लोखंडाची कढई रंग काळवंडते, ॲल्युमिनियमही छटा बदलतं. एकदा रंगाला काढलेलं पातेलं पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.

रंगाचं पाणी

साली ताज्या असतील तर तुकडे करून कडक वाळवा. वाळलेल्या साली डब्यात बराच काळ टिकतात, त्यामुळे हंगामात गोळा करून ठेवता येतात. ज्यूसवाल्याला आदल्या दिवशी स्वच्छ पिशवी देऊन ठेवा, नाहीतर मोसंबीचा चोथा आणि स्ट्रॉ त्यातच येतात. ओढणीसाठी १०० ते १५० ग्रॅम सुक्या साली पुरतात. त्या जाडसर कुटून पाच लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी तासभर उकळा आणि जुन्या धोतराच्या दुपदरी फडक्यातून गाळा. गाळ राहिला तर डाग पडतात. चोथा कुंडीत किंवा खतात जातो.

पाण्याचा फरक फार पडतो. जत, आटपाडीकडच्या बोअरचं जड पाणी आणि नळाचं पाणी एकाच सालीतून वेगळी छटा काढतात. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर पिवळा आपोआप मळकट होतो. पावसाचं पाणी साठवलेलं असेल तर त्यासारखं दुसरं नाही.

ओढणी आधी साध्या पाण्यात भिजवून पिळून घ्या. रंगाचं पाणी कोमट असतानाच ती आत सोडा आणि आच हळूहळू वाढवा. वाफ निघायला हवी, पण उकळी फुटायला नको. पाऊण तास ते तासभर लाकडी काठीने हलवत राहा. या वेळात फोन घेऊन बसू नका, रंग विषम बसण्याचं नेहमीचं कारण तेच. मग गॅस बंद करून ओढणी त्याच पाण्यात रात्रभर गार होऊ द्या. ओल्या कापडावर रंग गडद दिसतो, वाळल्यावर तो एक-दोन छटांनी उतरतो. हे धरूनच ठरवा. वाळवणं सावलीत, आणि पहिली धुलाई आठवडाभराने.

मेंदीचा हिरवा

खरी गंमत इथे आहे. टॅनिन आणि लोह एकत्र आले की काळसर रंग तयार होतो, जुनी शाई याच तत्त्वावर बनायची. ४ ग्रॅम हिराकस (लोहाचा क्षार) कोमट पाण्यात विरघळवा आणि पिवळी ओढणी त्यात फक्त दोन-तीन मिनिटं फिरवा. डोळ्यांदेखत मोहरीचा पिवळा मेंदीसारखा होतो. लगेच काढून भरपूर पाण्यात धुवा. जास्त वेळ ठेवलं किंवा हिराकस वाढवलं तर रंग गडद होतो हे खरं, पण लोह सुताला कुरतडतं आणि वर्षभरात ओढणी घडीवर फाटू लागते. इथे हावरटपणा नको.

हिराकस नको असेल तर गुळाचं काळं, म्हणजे गूळ आणि खिळ्यांपासून लोहाचं पाणी, करा. सांगलीत गुळाला काय तोटा! गंजलेले खिळे, पाव किलो गूळ आणि तीन-चार लिटर पाणी मातीच्या मडक्यात घाला आणि तोंडाला फडकं बांधून पंधरा-वीस दिवस उन्हात ठेवा. वास दारूसारखा येईल, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. कलमकारीतला काळा असाच करतात.

संपूर्ण ओढणी बुडवण्याऐवजी मी बांधणी सुचवेन. पिवळ्या कापडात हरभऱ्याचे दाणे ठेवून सुती दोऱ्याने करकचून बांधा आणि मग लोहाच्या पाण्यात घाला. सोडल्यावर मेंदीच्या रंगावर पिवळी वलयं उरतात. दाणे ओळीत बांधले तर काठ होतो, विखुरले तर बुट्टे. फक्त पदर बुडवूनही छान दिसतं.

उरलेलं पाणी ओढ्यात किंवा कृष्णेत ओतू नका. सालीचं पाणी झाडांना, पातळ करून. हिराकसाचं पुन्हा वापरा.

टिकतं का ते बघा

दुसऱ्याला देण्याआधी किंवा विकण्याआधी हे कराच. रंगवलेल्या कापडाचा एक तुकडा पुठ्ठ्यावर लावा, अर्धा भाग जाड कागदाने झाका आणि दक्षिणेच्या खिडकीत पंधरा दिवस ठेवा. कागद काढल्यावर दोन भागांत किती फरक पडला ते दिसतं. दुसरा तुकडा पांढऱ्या फडक्याबरोबर रिठ्याच्या पाण्यात चोळा. फडक्याला डाग लागला तर ओढणी अजून साध्या पाण्यात धुवायला हवी. उत्सुकता असेल तर शेजारी हळदीने रंगवलेला तुकडाही ठेवा. मग हळदीबद्दल माझ्यावर विश्वास ठेवायची गरज उरणार नाही.

चिंध्यांची कानातली

ओढणीचे काठ कापताना, ब्लाउजपीस बेतताना जे तुकडे उरतात त्यांतून दागिना होतो, आणि कपड्याला जुळणारा होतो. फेविकॉलऐवजी चिंचोक्याची खळ वापरा. भाजून सोललेल्या चिंचोक्यांचं पीठ पाण्यात कालवून मंद आचेवर शिजवलं की पारदर्शक चिकट खळ होते. कापडाचे पाच-सहा थर एकावर एक चिकटवा, प्लास्टिकच्या कागदात ठेवून पाट्याखाली रात्रभर दाबा आणि दोन दिवस वाळू द्या. पुठ्ठ्यासारखा कडक तक्ता तयार होतो. त्यावर चंद्रकोर, कोयरी, साधा गोल असा कोणताही आकार पेन्सिलने काढून धारदार कात्रीने कापा. कडेला सुती दोऱ्याने काजाचा टाका घाला, म्हणजे थर सुटत नाहीत. वर मेणाचा हात फिरवला तर घामाला थोडा आडोसा होतो. तरी पावसात ही कानातली घालू नका, चिंचोक्याची खळ पाण्याने सुटते.

आता त्या रिठ्याच्या बिया. काळ्या, गोल, कठीण आणि आपसूक चकचकीत. वाळवा, पकडीत धरून एक मिलिमीटरच्या ड्रिलने भोक पाडा आणि चंद्रकोरीखाली लोंबता मणी म्हणून ओवा. पॉलिशची गरज नाही. मोठ्या बियांची माळही होते. मात्र गुंज वापरू नका. लालकाळी गुंज दिसायला देखणी आहे, सराफ पूर्वी तिच्यावर सोनं तोलायचे, पण तिच्या आत जीवघेणं विष असतं आणि भोक पाडलं की ते उघडं पडतं. लहान मूल असलेल्या घरात तर मुळीच नको.

हूक स्वस्तातले घेऊ नका. त्यांत निकेल असतं आणि बऱ्याच कानांना त्याची खाज सुटते. चांदीचे हूक सराफ कट्ट्यावर मिळतात. चांदीकामाचं गाव हुपरी जवळच आहे, तिथले कारागीर अशी बारीक कामं सहज करतात. हूक काढून दुसऱ्या जोडीला लावता आला पाहिजे, म्हणून तो कडीत अडकवा, चिकटवू नका.

विकायचं असेल तर

बचत गटाच्या प्रदर्शनात टेबल लावण्याआधी चिठ्ठी नीट लिहा. ‘केमिकल-फ्री’ हा शब्द टाळा. तुरटी रसायनच आहे, हिराकसही. त्याऐवजी जे वापरलं तेच लिहा: सुती कापड, डाळिंबाची साल, हिरडा, तुरटी, लोह. शिलाईचा दोरा पॉलिस्टरचा असेल तर तेही लिहा. धुण्याची सूचना एकाच ओळीची: रिठा किंवा सौम्य साबण, गार पाणी, सावलीत वाळवणे, लिंबू-व्हिनेगर लागू न देणे. आंबटाने लोहाचा रंग उडतो.

विकत घेणार असाल तर विक्रेत्याला दोनच प्रश्न विचारा: रंग कशाचा आणि पक्का करायला काय वापरलं. ज्याने स्वतः रंगवलंय तो थांबवेपर्यंत सांगत सुटतो. ‘सगळं नॅचरल आहे ताई’ एवढंच उत्तर आलं आणि समोर दहा ओढण्या अगदी एकाच गुलाबी रंगाच्या लटकत असल्या, तर पुढच्या टेबलाकडे वळा.

किंमत लावताना कापड, गॅस आणि हूक धरले जातात, हाताचे तास विसरले जातात. रात्रभरचं भिजवणं धरू नका, पण हलवायला, बांधायला आणि टाके घालायला लागलेला वेळ धरा. आणि पहिली ओढणी आवडली म्हणून बहिणीसाठी अगदी तशीच दुसरी मागणाऱ्या गिऱ्हाइकाला पैसे घेण्याआधीच सांगा की छटा थोडी वेगळी येईल. दोन सारख्या हव्या असतील तर दोन्ही एकाच पातेल्यात रंगवाव्या लागतात, म्हणून ऑर्डर एकदमच द्यावी.